तुरट

घोटकाका चहाच्या पेढीत चहा चाखायचे. लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या, त्यांतून वाफा निघताहेत, आणि काका डोळे मिटून चमच्यातून असा भुरका मारायचे की खालच्या मजल्यावरचे हमालही हसायचे. घोट तोंडात घोळवायचा, मग पिकदाणीत. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना मळे दिसायचे: हा धुक्यात वाढलेला, हा उन्हाने हैराण झालेला. "तुरट आहे, हलका करा," असं ते म्हणाले की मिश्रण बदललंच. मालकांचीही त्यापुढे ब्र काढायची टाप नव्हती.

मग तो साथीचा ताप आला. कानांखाली गाल सुजले, काका आठवडाभर अंथरुणात पडून राहिले. ताप उतरला, सूज उतरली, पण तोंड कोरडं ते कोरडंच. ओठ एकमेकांना चिकटायचे, बिस्किटाची वाळू व्हायची, आणि बघता बघता दोन दाढा किडल्या.

"विषाणू गेला, पण लाळेच्या ग्रंथी दुखावून गेला," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दातांची राखण लाळच करते, आणि चवही तीच जिभेपर्यंत पोचवते. ग्रंथी सावरतील, पण किती, ते आज नाही सांगता येणार."

काकांनी घरी फक्त दाढांचं सांगितलं. पेढीत तेवढंही नाही. चाखणाऱ्याची चव गेली तर मागे राहतं काय? ते सवयीने "तुरट आहे, हलका करा" म्हणत चाखत राहिले. डोळे मिटले की आता सगळीकडे नुसतं पांढरं धुकं असायचं, मऊ आणि आवाज नसलेलं, आणि काका त्यात तरंगत असल्यासारखे वाटीमागून वाटी पुढे जायचे. खरं सांगायचं तर ते धुकंही त्यांना आवडू लागलं होतं.

घरी मात्र रोज कटकट. "आज तुरट झालाय गं."

काकू म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांनी पावडर कमी केली. तरी तुरट. आणखी कमी केली. तरी तेच. एका सकाळी त्यांचं डोकंच फिरलं आणि त्यांनी काळ्या मगात निव्वळ कढत पाणी ओतून आणलं.

काकांनी डोळे मिटून भुरका मारला. "हं. आज बरा आहे. किंचित तुरट, पण बरा."

काकूंना हसायचं होतं, पण हसू आलंच नाही. त्या समोर बसल्या. "अहो, त्यात चहाच नाहीये."

काकांनी मगात पाहिलं. तळ स्वच्छ दिसत होता.

"मला नुसतं भांडणात जिंकायचं होतं हो," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या.

त्या दिवशी पेढीत नव्या हंगामाच्या मिश्रणावर काकांचा शेवटचा शब्द हवा होता. मालक टेबलाशी उभेच होते. काकांनी चमचा उचलला आणि वाटीत न बुडवताच खाली ठेवला.

"मला चव लागत नाही," ते म्हणाले. "तापानंतर लागलेलीच नाही. तेव्हापासून मी जो जो चहा हलका करायला लावलाय, तो सगळा दुसऱ्या कुणाकडून पुन्हा चाखून घ्या."

मालकांनी वाटी पुढे ओढली. मग त्यांनी स्वतःच एक घोट घेतला.

"कसा आहे?" काकांनी विचारलं. "मला नीट सांगा ना."

आणि ते डोळे मिटून ऐकायला बसले.