समोरून येणाऱ्याचे डोळे

माझी मावशी बाळंतपणाची नर्स. डोंगराच्या पायथ्याला असलेल्या लहानशा दवाखान्यात तिची एकोणतीस वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची अकरा स्वतःच्या गाडीतून वस्त्या-वस्त्यांवर फिरण्यात. लोक तिला सिस्टर म्हणायचे. काकासुद्धा चारचौघांत सिस्टरच म्हणायचे, आणि घरात वाजलं की 'मोठ्या सिस्टर'.

गाडी पांढरी, छोटी, बारा वर्षांची. तिच्या डिकीत ऑक्सिजनचा सिलिंडर, दोन पत्र्याच्या पेट्या, वजनकाटा, घडीचं स्ट्रेचर असा सगळा संसार कायमचा भरलेला. मागून बघितलं तर गाडी उकिडवी बसल्यासारखी दिसायची.

त्या थंडीत एका संध्याकाळी मावशी तपासणी आटोपून परत येत होती. पुढे कोणी आहे हे तिला कळलं, तेव्हा तो माणूस गाडीपासून हातभर अंतरावर होता. सायकल हातात धरून चालत होता, अंगात काळा कोट. तिने स्टिअरिंग फिरवलं, गाडी कडेच्या खडीत जाऊन थांबली. त्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागला. आपण कशातून वाचलो, हे बहुधा त्याला कळलंही नाही. मावशीला मात्र घरी आल्यावर बुटांच्या नाड्या सोडता येईनात.

"दिवसाउजेडी जात जा," काका म्हणाले.

"पोटातल्या बाळांना सांगा तसं."

दुसऱ्या दिवशी तिने गाडीच्या दिव्यांकडे नीट पाहिलं. काचा पिवळट, धुरकट झाल्या होत्या. ती थेट बाजारातल्या दुकानात गेली. हे दुकान सीटकव्हरं, हॉर्न आणि रंगीत दिव्यांचं. दुकानदाराने हॅलोजनचे जुने बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बसवले. दहा मिनिटांचं काम.

"रात्रीचा दिवस होईल बघा, सिस्टर."

"तो मी तशीही करतेच," मावशी म्हणाली आणि खूश होऊन घरी आली.

उजेड खरंच पांढराशुभ्र होता. समोरची झाडं, पाट्या, तारा, सगळं लख्ख दिसू लागलं. समोरून येणाऱ्या गाड्या मात्र दिवे उघडझाप करायला लागल्या. एक ट्रकवाला तर खिडकीतून काहीतरी ओरडून गेला. "लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही," असं तिने मला फोनवर सांगितलं. मीही हसले.

तीनच आठवड्यांनी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला लाकडाच्या गिरणीजवळच्या वस्तीवरून फोन आला. गिरणीत करवत चालवणाऱ्या माणसाची आई बोलत होती. सुनेचं पाणी गेलं होतं, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. "सिस्टर, ती घाबरलीय, तुम्ही..." आणि फोन कटला. परत लागेना.

मावशी निघाली तेव्हा अंधार पडला होता. चढाला लागल्यावर धुकं आलं, आणि नव्या दिव्यांचा सगळा उजेड त्या धुक्यावर आपटून तिच्याच तोंडावर यायला लागला. भिंतीत गाडी घालतोय असं वाटत होतं. ती कडेची पांढरी रेघ धरून पुढे सरकत राहिली. डोक्यात एकच हिशेब होता, पाणी जाऊन किती वेळ झाला असेल.

गिरणीच्या अलीकडच्या वळणावर समोरून एक दिवा आला. मोटारसायकल. तो दिवा दोनदा उघडझाप झाला, मग घाईघाईने आणखी तीनदा. मावशीचे दिवे खालच्याच झोतावर होते, तिला आणखी काय करायचं ते सुचेना. तो एकटा दिवा डगमगला, वर उचलल्यासारखा झाला आणि दिसेनासा झाला. पाठोपाठ पत्रा घासल्याचा आवाज.

तिने गाडी कडेला घेतली, पेटी उचलली आणि धावली. रस्त्यालगतच्या चरात मोटारसायकल आडवी पडली होती, मागचं चाक अजून फिरत होतं. पलीकडे एक माणूस गुडघ्यांवर बसला होता.

"हलू नका. मान दुखतेय का?"

"सिस्टर?" तो म्हणाला. "तुम्हालाच आणायला निघालो होतो. फोन लागेना."

तो त्याच सुनेचा नवरा होता.

मावशीने त्याची मान, डोळ्यांच्या बाहुल्या, बोटं तपासली. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, हाताखाली कळत होतं. तिने त्रिकोणी पट्टीने हात छातीशी बांधला. मोठं हॉस्पिटल मागे चाळीस मिनिटांवर, त्याचं घर पुढे दहा मिनिटांवर.

"आधी तिच्याकडे," तो म्हणाला. "माझं नंतर बघा."

गाडीत बसल्यावर तो दात आवळून म्हणाला, "कोण होता हो तो? डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. तुमच्या पुढेच असेल ना? नंबर बघितलात?"

तिची गाडी येऊन थांबली म्हणून त्याला वाटत होतं, डोळे दिपवणारी गाडी वेगळी, निघून गेलेली. तिने फक्त, "बोलू नका, हाडाला धक्का बसेल," एवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण आपण खऱ्याच्या मागे लपतोय, हेही तिला कळत होतं.

पुढे एक जीप समोरून आली तेव्हा मावशीने गाडी पार कडेला घेऊन उभी केली आणि दिवे बंद करून टाकले. फक्त पार्किंगचे मिणमिणते ठेवले. जीप जाईपर्यंत ती स्टिअरिंग घट्ट धरून बसली.

"थांबलात कशाला?" त्याने विचारलं. तिने दिवे लावले आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

घरात बाई पलंगाची कड धरून उभी होती, कळा दोन मिनिटांवर आलेल्या. नवऱ्याला तसा पाहून तिने तोंड उघडलं, तोच पुढची कळ आली. "त्याचं मी बघितलंय, तू माझ्याकडे बघ," मावशी म्हणाली आणि सासूला मोठ्या हॉस्पिटलची अँब्युलन्स बोलवायला शेजारच्या घरी पिटाळलं.

मुलगी पावणेआठला झाली. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती, अंग निळसर, हातपाय लुळे. रडली नाही. मावशीने वेढे सोडवले, नाळ कापली, अंग खसाखसा पुसलं, तळपायांवर टिचक्या मारल्या. काही नाही. मग तिने इवल्याशा तोंडावर मास्क धरला आणि रबरी पिशवी दाबायला सुरुवात केली. एक, सोड. एक, सोड. दारात तो बाप हात छातीशी धरून उभा होता. मावशी नंतर मला म्हणाली, "अशी किती बाळं हाताखालून गेली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही नाही रडली तर बापाचंही आणि लेकीचंही, दोन्हीचं कारण मीच असेन."

सव्वा मिनिटाने मुलीने नाक आक्रसलं आणि मांजरासारखा बारीक आवाज काढला. मग चांगलं भोकाड पसरलं.

अँब्युलन्सची वाट बघत असताना मावशी स्वयंपाकघरात गेली. तो स्टुलावर बसला होता, आई त्याला कपाने पाणी पाजत होती.

"ती गाडी माझी होती," मावशी म्हणाली. "पुढे दुसरी कोणी नव्हती. माझ्याच दिव्यांनी तुमचे डोळे दिपले."

त्याच्या आईचा हात तसाच राहिला. "आजच सांगायचं होतं का हे?" ती म्हणाली.

"उद्या सांगायला मला जमलं नसतं."

तो मावशीच्या हातांकडे बघत म्हणाला, "तिला मी सांगेन. तुम्ही नका सांगू."

रात्रीच मावशीचा फोन आला, म्हणून सकाळी मी येऊन तिच्यासोबत वायरिंगवाल्याकडे गेले. त्याला सगळे फ्यूजकाका म्हणत, कारण डोकं लगेच उडायचं. त्याने बॉनेट उघडलं आणि नवे बल्ब बघून ते उडालंच.

"या दिव्यातली ही आरशासारखी वाटी बनलीय हॅलोजनच्या तारेसाठी. तार जिथे असते, तिथून उजेड निघाला तर वाटी तो खाली, रस्त्यावर टाकते. हे दुसरंच काहीतरी खुपसलंत. आता उजेड फुटून चहूकडे जाणार. तुम्हाला झाडाचा शेंडा दिसतो आणि समोरच्याला काहीच नाही."

"पण आधी मला रस्ता दिसत नव्हता," मावशी म्हणाली.

"ते बल्बमुळे नाही." त्याने मीटरच्या सुया लावून दाखवलं. बॅटरीतून निघालेली वीज जुन्या वायरींतून दिव्यापर्यंत पोचताना दमून जात होती. त्याने नवी जाड वायर टाकली, दिव्यांना थेट बॅटरीतून वीज देणारा रिले बसवला, काचा ओल्या पॉलिशपेपरने घासून वर संरक्षक थर दिला आणि कंपनीने नेमून दिलेले साधेच बल्ब लावले. मग डिकी उघडून त्याने कपाळावर हात मारला.

"एवढं वजन मागे, म्हणजे नाक वर. नाक वर म्हणजे उजेड लोकांच्या डोळ्यांत. हे चाक कशासाठी दिलंय?"

स्टिअरिंगशेजारी शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक होतं, झोत खाली घेण्यासाठी. बारा वर्षांत मावशीने त्याला बोट लावलं नव्हतं.

"आणि चष्मा कधी बदललात?" त्याने विचारलं. चार वर्षं झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी दोन्ही नंबर बदलले.

नऊ दिवसांनी ती बाळाचं वजन करायला त्या घरी गेली. बाळंतिणीने तिला बसायला खुर्ची दिली, पण एरवीसारख्या गप्पा मारल्या नाहीत. तिला कळलं होतं. काम झाल्यावर मावशी गळ्यात हात अडकवलेल्या त्या बापाला म्हणाली, "अंधार पडेपर्यंत थांबते. त्या वळणावर याल का? समोरून कसं दिसतं ते मला कळायला हवं, आणि ते मला गाडीत बसून कळत नाही."

तो आला. वळणावर, मोटारसायकलवर डोळे जेवढ्या उंचीवर येतात तेवढा वाकून उभा राहिला. मावशीने दूरवरून गाडी हळूहळू आणली.

"खाली घ्या," तो ओरडला. तिने चाक एकवर नेलं. "अजून." तिने दोनवर नेलं.

तो सरळ उभा राहिला आणि चालत खिडकीशी आला. "आता गाडी दिसते," तो म्हणाला. "मागे नेऊन आणा, पुन्हा एकदा. घाई नाही मला."

त्यांनी ते चार वेळा केलं. त्याचं हाड जुळायला सात आठवडे लागले, आणि करवतीवर परत उभा राहायला त्याहून जास्त. माफ केलं, असं तो कधी म्हणाला नाही. मावशीनेही विचारलं नाही.