कुंड्यांसाठी मागवलेली माती

शेतकऱ्याच्या मुलीला माती कळत नाही, हे मला धुळ्यात देवपूरच्या दोन खोल्यांत राहायला आल्यावर कळलं. मी काचेच्या पेटीत वाणी पाळत होते. वाणी म्हणजे बोटाएवढा, शेकडो पायांचा काळा किडा. हात लावला की पैशासारखा गोल होतो. आणले होते तीन. वर्षभरात उरला एक, आणि तो मेला तर पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

दोघांना मी मातीपायीच घालवलं. आधी नर्सरीतून कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, वीट आणून भिजवून घातली. व्हिडिओत सगळे तेच घालतात. त्या व्हिडिओवाल्यांच्या घरात धुळ्याचा मे महिना नसतो. सकाळी पाणी शिंपडावं, दुपारी सगळं कोरडं ठाक. शिवाय वाणी जगतो कुजक्या पाल्यावर. नुसत्या काथ्यावर काय जगणार? पहिला तिथेच गेला. मग काळी माती घातली. ओली झाली की चिखल, सुकली की भेगा. दुसरा कात टाकायला खोल उतरला आणि त्या ढेकळातच अडकून मेला.

शेवटी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. रावेरकडे आमची केळी आणि थोडी कपाशी. कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत माती पाठवा, म्हटलं. कशाला, असं त्यांनी विचारल्यावर मी बेधडक सांगितलं, कुंड्यांना. कपाशीचे कोंब कुरतडतो म्हणून आबा ज्या किड्याला जन्मभर मारत आले, तोच मी घरात पाळते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

चौथ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पोतं आलं. माती अशी, की हातातून सोडवेना. मी पेटी रिकामी करून ती भरली. पण वाणी काही मातीत उतरेना. काच धरून सारखा वर चढायचा आणि पडायचा. नवी जागा आहे, होईल सवय, असं म्हणत मी वरून पाणी शिंपडत राहिले. तिसऱ्या दिवशी तो ताठ पडलेला दिसला. हात लावला तरी गोल झाला नाही.

त्याच संध्याकाळी आबांचा फोन आला. "माती कशी हाये? म्या सोता चायली, खडे काढले. वरून दाणेदार दवा बी टाकली. तुह्या कुंडीत एकबी किडा नही होनार."

माझं डोकं फिरलं. पण ओरडणार कोणावर? शहाणपणा करून खोटं बोलले होते मी. मग सगळं सांगून टाकलं, पेटी, काथ्या, तिन्ही वाणी.



"आधी सांगाचं नही का, बाई," आबा म्हणाले. "बांधावरच्या आंब्याखालचा पाला देला असता. तिथं म्या कधीच दवा मारली नही. तिथं वानीच वानी हायेत."