विकायला काढलेल्या गाडीतून पाचूबंदर

रविवारी संध्याकाळी पाच वाजता गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं, म्हणून मी सकाळी आठलाच ती बाहेर काढली. शेवटचं एकदा समुद्रापर्यंत जाऊन यायचं, बस! ही गोष्ट २००३ची. नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात आम्ही नवे आणि गाडी जुनी, सेकंड हँड, पांढरी. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या, तीनदा सर्व्हिसिंग केलं. गॅरेजवाला दर वेळी म्हणायचा, "मॅडम, एकदम ओके." चौथ्या दिवशी चावी फिरवली की नुसतं टक्! शेवटी अजित, माझा नवरा, वैतागून म्हणाला, "विकून टाकू हा पांढरा हत्ती." खरं तर घरात गाडी चालवणारी मी एकटीच होते, आणि मला ती जिवापाड आवडायची.

सोबत सासूबाई. मूळच्या मालवणच्या, मासळीचं नाव काढलं की चप्पल घालून तयार. मागच्या सीटवर बसता बसताच त्यांनी बजावलं, "बंद पडली तर मी ढकलूचंय नाय, आधीच सांगतंय."

तुम्ही जाणार असाल तर नालासोपारा पश्चिमेला येऊन निर्मळमार्गे भुईगाव धरा. वाट थोडी लांबची, पण काय सुंदर! केळीच्या बागा, वळणावळणावर क्रूस, आणि जेमतेम एक गाडी मावेल अशा गल्ल्या. समोरून टेम्पो आला तेव्हा मी अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये पार केली. "बरी चलयतंस गो!" मागून शाबासकी मिळाली. मी हवेतच!

भुईगावच्या किनाऱ्यावर मात्र इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही. मग काय, एकीने चालू गाडीत बसायचं आणि दुसरीने समुद्र बघायचा, असं आळीपाळीने केलं. डब्यातले घावणेही तसेच खाल्ले.

पुढे कोळ्यांच्या पाचूबंदरला पोचलो तर नुकत्याच होड्या लागलेल्या, मासळीच्या लिलावाचा नुसता गलका. त्या भरात मी सवयीने चावी फिरवून काढली आणि उतरले! सासूबाईंनी घासाघीस करून बोंबील आणि मांदेली घेतली. परत गाडीत बसलो. टक्.

मला रडूच यायला लागलं. मांदेली विकणाऱ्या बाईने ते पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. ते होडीच्या इंजिनाचं काम सोडून आले आणि बॉनेटमध्ये डोकावले.

"दादा, बॅटरी नवीन आहे हो," मी म्हटलं.

"बॅटरीला काय नाय झाला, बाय. ही काली वायर बघ, बॉडीला लागते तिथं गंजलीय. खाऱ्या हवेचा गुन हाय. होडीवर आमचा रोजचाच हाय."

त्यांनी नट सोडला, पॉलिश पेपरने गंज खरवडला, नट परत आवळायला पाना माझ्याच हातात दिला आणि वरून ग्रीस चोपडलं. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू! मी किंचाळलेच. दोन बॅटऱ्यांनी जे झालं नाही ते दहा मिनिटांत झालं होतं.

बंदराजवळच्या किल्ल्यापर्यंत येताना आनंदाने तीनदा मुद्दाम बंद करून चालू केली. आणि मग पाच वाजताचं गिऱ्हाईक आठवलं. बंद पडणारी गाडी त्या माणसाने नाकारली तरी असती, आता तो ती घेऊनच जाणार होता. नट सैल करायला तर मला आता येत होतं. खोटं कशाला बोलू, पाना डोक्यात फिरत होता.

घरी पोचलो तेव्हा अजित आणि गिऱ्हाईक खालीच उभे होते. "चालू करून दाखवा, वहिनी," गिऱ्हाईक म्हणालं. मी दाखवली. एकदा, दोनदा, पाचदा. माझ्या गाडीला नावं ठेवलेली मला खपणार नव्हती! गिऱ्हाईक खूश. अजित त्याहून खूश. "आई, उतर ना," तो म्हणाला.

"मी उतरूचंय नाय," सासूबाई मांदेलीची पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या. "हिका विचारलंस?"

अजितने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर मनात होतं ते मी तेव्हा बोलले. "विकायची नाही."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

"सकाळपर्यंत मला वाटायचं, चूक माझ्या चालवण्याचीच आहे."

गाडी पुढे सहा वर्षं आमच्याकडे होती. आता नाही. पण काहीही बिघडलं की "एकदम ओके" ऐकून मी घरी येत नाही. बॉनेट उघडायला लावते आणि म्हणते, "मला दाखवा."