मिरानी किल्ल्यातलं देऊळ

ग्लेंडा रिचर्डला ‘आपलं देऊळ’ म्हणाली, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. आमच्या वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. पण मी हिंदू, त्यामुळे शाळेपासून मला ती ‘आमचं देऊळ’ म्हणत आलीय. हा आर्किटेक्ट तिला गेल्या थंडीत भेटला, आणि लगेच ‘आपलं’.

ग्लेंडा मस्कतला नर्स आहे. मी कॉलेज अर्धवट टाकून अल मवालेहच्या फळबाजारात मावसभावाच्या गाळ्यावर आलो, ते तिच्यामुळेच. त्या शुक्रवारी तिला लग्नाचं विचारायचंच होतं. ओमानात सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासनाही शुक्रवारी होते. ती आटोपून रुवी भागातल्या चर्चबाहेर ग्लेंडा माझ्या गाडीत बसली. मागच्या सीटवर रिचर्ड. मिरानी किल्ला बघायची परवानगी त्यानेच काढलेली म्हणे. तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करा, आणि सकाळीच निघा, दुपारी तिथला खडक तव्यासारखा तापतो. वाटेत मत्राला समुद्राकाठी करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, आणि चीज, बटाटा चिप्स घालून गुंडाळलेला पराठा खाच. माझा अर्धा रिचर्डने खाल्ला.

मिरानी किल्ला पोर्तुगिजांनी बंदरावर नजर ठेवायला बांधला आणि आत सैनिकांसाठी हे छोटं देऊळ. वसई किल्ल्यातली देवळं कशी उंच, छप्पर उडालेली. हे एवढंसं, जाड भिंतींचं. तोफा झेलायच्या किल्ल्यात उंच मनोरा कोण बांधेल, असं रिचर्ड भिंतीवरून हात फिरवत सांगत होता. मुद्दा पटला, त्याचाच जास्त राग आला.

दगडावर मरियेच्या प्रार्थनेची लॅटिन ओळ कोरलीय. ओमानींनी पोर्तुगिजांना हाकललं, अक्षरं मात्र राहू दिली. ग्लेंडा ती वाचू लागली, रिचर्डने पुढचे शब्द उचलले, आणि दोघांनी ती प्रार्थना मराठीत पुरी केली. मी हात कुठे ठेवावेत ते न कळून फोटो काढत राहिलो. देवळाचे थोडे, तिच्या पाठीचे जास्त. अजून फोनात आहेत.

“बघ रिचर्ड,” ती म्हणाली, “इतक्या लांब पण आपलं देऊळ.”

जेवायला मदिनत सुलतान काबूस या वस्तीत, तिच्या दादाकडे. सुरमईचं कालवण झकास होतं. दादाने रिचर्डला आग्रह करकरून वाढलं आणि मला विचारलं, “तू का रे गप्प? बाजार बसला काय?”

मी सांगून टाकलं. “आज हिला लग्नाचं विचारणार होतो. हा मध्ये आला.”

रिचर्डचा घास हातातच राहिला. ग्लेंडाने ताटावरची नजर उचलली नाही.

“मग विचार ना,” ती म्हणाली.

मला फक्त रिचर्ड दिसत होता. तो तिच्याकडे बघत होता, आणि कसा बघत होता ते मला चांगलं कळत होतं.

“तुला यालाच विचारू दे,” म्हणालो, उष्ट्या हाताने चपला ओढल्या, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.