आईच्या दंडावर बिघडणारं मशीन

"मशीन बिघडलंय," व्हरांड्यात बाबा म्हणाले. मी आत पोह्यांवर कोथिंबीर पेरत होते.

"माझ्या हाताला लावा परत," शेजारचे काका म्हणाले. घुर्र असा पंपाचा आवाज आला. "एकशे अठ्ठावीस! एकदम फर्स्ट क्लास. म्हणजे ते फक्त वहिनींच्या दंडावर बिघडतं."

लखनौमधल्या आमच्या तेलीबागच्या घरी रविवारी सकाळी बीपीची परेड असते. बाबा आणि काका दोघंही एअर फोर्समधून निवृत्त, दोघांनाही गोळ्या चालू. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पाच मिनिटं मौन. मग आकडे मोठ्यानं जाहीर होतात आणि कोणाचा चांगला यावर पोहे संपेपर्यंत वाद चालतो. पट्टा बांधायचं काम आईचं. त्या दिवशी नवे सेल घातल्यावर मशीन चालतंय का बघायला तिनं पट्टा स्वतःलाच गुंडाळला, आणि आकडा आला एकशे बहात्तर.

"तू उभी होतीस," बाबा म्हणाले. "बस."

आई बसली. हे दृश्य आमच्या घरात इतकं नवं होतं की काकांनी आवाज खाली आणला आणि बाबांनी पंखा वाढवला. तीन वेळा ती कुकर बघायला उठली, तीन वेळा तिला परत बसवलं. शेवटी पाच मिनिटं झाली. एकशे अडुसष्ट.

"अहो, राहू द्या," आई म्हणाली. "काल लोणचं जास्त खाल्लं मी."

पण आता दोन माजी सैनिक तपासाला लागले होते. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून मशीनमध्ये घातले. मग मला बोलावून पट्टा बांधला. एकशे चार.

"बघा!" काका म्हणाले. "बायकांना नसतंच हे. हा पुरुषांचा आजार, ड्यूटीच्या टेन्शनचा."

मी चोवीस वर्षांची, आई चोपन्नची. हा फरक कोणी जमेस धरला नाही. त्याऐवजी बाबांनी पट्टा दिवाणावरच्या लोडाला बांधला. मशीन बराच वेळ लोड आवळत राहिलं आणि शेवटी त्यानं एरर दाखवला.

"लोडाला बीपी नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"म्हणजे मशीन खोटं बोलत नाही," काका म्हणाले.

"मग हिचं?"

काका विचारात पडले. "लखनौची वीज. व्होल्टेज फार वरखाली होतं."

"मशीन सेलवर चालतं."

"तरीपण."

आई हसली आणि पट्टा सोडून आत गेली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. बाबांनी मशीन खोक्यात भरलं, बिल शोधलं, स्कूटरची किल्ली घेतली. "दुकानवाल्याला सांगतो, भैया, बदलून दे."

मी पोह्यांची बशी धरून दारात उभी होते. मागच्या महिन्यात बाबांना डॉक्टरकडे मीच नेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "माताजी को भी दिखा लीजिए। इस उम्र तक मर्दों का बीपी ज़्यादा रहता है, पर पीरियड्स बंद होने के बाद औरतों का भी तेज़ी से बढ़ता है।" तो शब्द आल्याबरोबर बाबा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राचा अभ्यास करू लागले होते, आणि मी माझ्या चपलांचा. घरी आल्यावर त्या वाक्याबद्दल कोणीच बोललं नाही. मीसुद्धा नाही.

मी घरी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, तेही शक्यतो एका शब्दात. शाळेतल्या बायॉलॉजीमुळे हा सगळा विषय मला इंग्रजीत व्यवस्थित समजावून सांगता येतो. पण बाबांसमोर, आणि त्यातून काकांसमोर, तो मला कुठल्याच भाषेत सांगता येत नव्हता.

स्कूटर सुरू झाली. काका खोकं मांडीवर घेऊन मागे बसले, आजारी बाळाला न्यावं तसं. स्वयंपाकघरात आई कपाळ चोळत पुढची फोडणी करत होती. नवं मशीन आलं असतं आणि तिनं ते पुन्हा कधीच स्वतःला लावलं नसतं.

मी बशी कठड्यावर ठेवली आणि फाटकापर्यंत धावले. स्कूटरच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून ओरडावंच लागलं, तेही चक्क मराठीत, त्यामुळे समोरच्या तीन घरांपर्यंतही ते पोचलं:

"मशीन ठीक आहे, बाबा! आईची पाळी गेलीय आणि तिचं बीपी वाढलंय. दुकानात नको, डॉक्टरांकडे चला. काकांना उतरवा आणि आईला बसवा!"