गयाबाईंनी अडवलेलं खत

जाफराबादहून गयाबाईंच्या भावाचा, तुकारामभाऊंचा, फोन आला तेव्हा मी आमच्या खत प्रकल्पावर ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत घालत होतो. "सायब, गया गेली," एवढंच ते बोलले... त्याला आता महिना होत आला. रडून झालं. आज लिहितोय ते अभिमानानं, कारण या बाईनं मला हरवलं आणि त्यातच आमच्या गावाचं भलं झालं.

आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं खत करतात. मी तिथला सुपरवायझर, गयाबाई कचरा निवडणाऱ्या बायांतल्या थोरल्या. जीभ तिखट, हात चपळ. लोक ओला कचरा प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गाठ मारून देत आणि आम्ही घाईत पिशवीसकट तो कापायच्या यंत्रात लोटायचो. पुढं चाळणी होतीच की! खत काळंभोर, भुसभुशीत दिसायचं. तुकारामभाऊंना दोन ट्रॉल्या घ्यायला मीच पटवलं होतं.

ट्रॉल्या भरायच्या दिवशी गयाबाईंनी ओंजळभर खत उन्हात धरलं. काहीतरी चमकलं. "सायब, ह्याच्यात पन्नी हाय."

"चाळून घेतलंय, मावशी," मी म्हणालो.

त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. माहेरी बाजरीचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकत, म्हणजे पोचट दाणे वर येत. त्यांनी बादलीत भरपूर मीठ विरघळवून त्यात खत ढवळलं आणि तासभर थांबल्या. वर बरंच काही तरंगलं. "हा तर भुसा," म्हणून मी हसलो. भुसा होताच. मग त्यांनी चहाच्या स्टोव्हवर सुई लाल केली आणि एकेका कणाला टेकवली. काडी करपली. चमकणारे कण मात्र आक्रसून सुईला चिकटले.

"माह्या भावाच्या रानात हे गेलं, मंग कोन येचून काढंल?" त्यांनी विचारलं. माझे कान तापले. ट्रॉल्या रिकाम्या परत गेल्या आणि तो ढीग कुठल्याच शेतात गेला नाही.

पुढं प्रत्येक पिशवी हातानं सोडून बाजूला काढायची, मगच यंत्र लावायचं ठरलं. काम रेंगाळलं, वरून बोलणी बसली, ती मी खाल्ली. बाया दारोदार जाऊन सांगू लागल्या, "कचरा द्या, पन तसाच द्या, पिशवी नको." लोक कुरकुरले, मग सुधारले. दर ढिगाची बादली व्हायची. तळाचा गाळसुद्धा गयाबाई भिंगाखाली बघायच्या. शेवटी एका ढिगात सुईला चिकटणारं काही सापडेना. तुकारामभाऊंनी ते खत नेलं. गयाबाईंनी राजूरच्या गणपतीला जाऊन पेढे आणले, मला दोन दिले. "येक हरल्याचा," म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात तुकारामभाऊ ट्रॉली घेऊन स्वतः आले. बहिणीमागं पहिल्यांदाच. त्यांना ताटकळत ठेवणं मला जड गेलं, म्हणून मी भरायला सांगितलं. कोणी फावडं उचललं नाही.

"सायब, थांबा जरा. आमचं पाहनं व्हायचंय," एक बाई म्हणाली. चौघी बादलीवर वाकल्या होत्या, पाचवी सुई तापवत होती. तुकारामभाऊ निवांत ट्रॉलीला टेकले आणि म्हणाले, "पाहू द्या त्याह्यला. मला कुठं जल्दी हाय?"

मी मुकाट्यानं बाजूला झालो. माझा हुकूम कोणी मानला नाही, याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.