घरात शिरलेली राणी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात आमच्या गल्लीतले लोक म्हशी राखायचे आणि मी मुंग्या. आई पाहुण्यांना तसंच सांगायची, "शिकलाय लई, पन मुंग्या राखतोय." मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतोय, हे ती सोयीनं गाळायची. तिशी उलटली होती आणि सगळा प्रबंध एका काचेच्या पेटीवर टेकला होता.

पेटीतलं मुंग्यांचं घर मला कळंब्याच्या तळ्याकाठी एका पोखरलेल्या ओंडक्यात मिळालं होतं. मुंग्या मोठ्या, काळ्या. राणी मात्र बारकी, निराळ्याच जातीची. खरी राणी तिनं मारून टाकलेली. तरी त्या मेलेल्या राणीच्या लेकी, म्हणजे कामकरी मुंग्या, हिलाच चाटायच्या, भरवायच्या, हिचीच अंडी जपायच्या. असल्या राणीच्या पोटी कामकरी जन्मत नाहीत. जन्मतात ते पंखवाले नर आणि माद्या, उडून जाऊन दुसऱ्या कुणाचं तरी घर धरणारे.

आमचे सर म्हणाले, "अशी घुसखोर बहुतेक वेळा यजमानांच्या जवळच्याच कुळातली निघते. पण नातं दाखवायचं तर पंखवाली पिढी सूक्ष्मदर्शकाखाली हवी. एकट्या राणीवर कोण विश्वास ठेवतो?"

मी हे आईला समजावलं. पेटीत डोकावून ती म्हणाली, "वाटंवरचा मानूस घर बळकावतोय व्हय? भावकीच येती की."

आईचा संदर्भ देता आला असता तर प्रबंध तिथंच पुरा झाला असता.

पण पेटीतल्या दाया, म्हणजे अंडी-कोश जपणाऱ्या या कामकरी, संपत चालल्या होत्या. खरी राणी गेल्यावर नव्या कामकरी कुठून येणार? रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी चिमट्यानं मेलेल्या उचलायचो. कोश फुटेपर्यंत उरलेल्या टिकल्या पाहिजेत, एवढंच मागणं. कोशाच्या आत पंख आहेत की नाहीत, ते बाहेरून दिसत नाही. तळ्याकाठची ती झाडी तोवर तोडून झाली होती. हातकणंगल्यापासून शाहूवाडीपर्यंत ओंडके उलटे करत हिंडलो. लोक मला गुप्तधन शोधणारा समजले. दुसरं घर मिळालं नाही.

पेटी स्टुलावर होती आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, दुधादह्याच्या जाळीच्या कपाटाचे असतात तसे. घरच्या मुंग्यांची वाट त्यामुळे बंद. शनिवारी दुपारी विद्यापीठातून आलो, तर स्टूल भिंतीला चिकटलेलं. कडेनं पीठ-साखर सांडलेली. आई दर शनिवारी पिंपळाखाली मुंग्यांना पीठ-साखर घालायची. त्या दिवशी तिनं घरच्यांनाही वाढलं होतं.

भिंतीवरून बारक्या लाल मुंग्यांची रांग पेटीत उतरली होती. दुसरी रांग वर चढत होती, फाडलेल्या कोशांचे तुकडे घेऊन.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. आई धावत आली.

"ऊन लागत हुतं रं त्यास्नी," ती म्हणाली, "म्हनून सरकावलं. आन् तू रोज तोंड पाडून बसतोस, म्हटलं दोन घास घालावं, जगतील."

मग तीच पदर खोचून माझ्याबरोबर लाल मुंग्या वेचायला बसली. चष्मा नसल्यामुळे तिनं आमच्याही काही चिरडल्या. पेटीच्या कोपऱ्यात राणी जिवंत सापडली, मूठभर काळ्या मुंग्या आणि त्यांनी घट्ट धरलेला एक अख्खा कोश.

त्या एका कोशासाठी मी घरात मोठ्यानं दार लावू देईना. आई पाय न वाजवता चालायची.

कोश फुटला तो एका सकाळी. दायांनी तोंडानं कातरून वाट केली आणि आतलं ओलं, फिकट अंग ओढून बाहेर काढलं. मी भिंग धरलं.

"पंख हाईत का रं?" आईनं उंबऱ्यातूनच विचारलं.

पंख नव्हते. ती कामकरी होती, मारलेल्या राणीच्या शेवटच्या अंड्यातली. अंग वाळल्यावर ती लटपटत उठली, बारक्या राणीपाशी गेली आणि तिला चाटू लागली.

"न्हाईत, आई," मी म्हणालो.